गाणं झेलायचं कसं : घरातल्या ऐकण्याची एक रीत

कानबाई ही आमच्या खानदेशातली देवी. तिच्या रात्री आमच्या गल्लीत एक बाई गाणं धरायची आणि बाकीच्या झेलायच्या. 'झेलणं' हा तिथलाच शब्द. पुढची बाई ओळ टाकते, मागच्या तिचे शेवटचे दोन शब्द उचलतात आणि परत तिच्याकडं फेकतात. जिला गाणं येत नाही तीही झेलते, कारण उचलायला फक्त कान लागतो. मांडीवरचं पोरसुद्धा टाळी देतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिचं विसर्जन होतं. मधली सगळी रात्र ही अशी उचलाउचल चालते. त्या अंगणात नुसता ऐकणारा असा कुणी नसतो. गाणारी आहे आणि झेलणाऱ्या आहेत.

पुढं लग्न होऊन मी जळगावात आले. हातात मोबाइल आला, त्यात हजारो गाणी आली. भाजी निवडताना गाणं, गाडीवर गाणं, भांडी घासताना गाणं. एक दिवस धाकट्या बहिणीनं फोनवर विचारलं, "काल काय ऐकलंस?" मला एक ओळ आठवेना. दिवसभर घरात गाणी वाजली होती आणि मी एकही झेललं नव्हतं.

त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत आमच्या घरात ऐकण्याची एक रीत बसत गेली. ती जशी आहे तशी इथं सांगते. यातलं काही शास्त्रीय संगीत शिकलेल्यांसाठी नाही, महागड्या साउंड सिस्टिमवाल्यांसाठीही नाही. दोन खोल्यांचं घर, एक मोबाइल, एक बरा स्पीकर आणि घरातली दोन-तीन माणसं एवढ्यावर हे सगळं होतं.

आधी वेळ बांधा

आपल्याकडच्या गाण्यांना स्वतःची वेळ असायची. जात्यावरची ओवी पहाटेची. झोक्यावरची गाणी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सासरच्या पोरी माहेरी आल्या की. भुलाबाईची गाणी भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, संध्याकाळी, दारोदार, आणि शेवटी खिरापत ओळखायची. आखाजीच्या झोक्यावर भुलाबाईचं गाणं कुणी म्हणत नसे. वर्षातून एकदाच भेट असल्यामुळं पहिल्या ओळीलाच गळा दाटून यायचा. गाणं कधीही, कुठंही मिळायला लागलं आणि ही वाट बघणं गेलं. ते परत आणायचं तर पहिलं काम वेळ बांधण्याचं.

वेळ ठरवताना नवीन काही उभं करू नका. घरात रोज होणाऱ्या एखाद्या कामाच्या शेपटाला गाणं बांधा. आमच्याकडं रात्रीची भांडी पालथी घातली की गाणं, बुधवारी आणि रविवारी, साडेनऊला. रोजचं ठरवलं होतं, ते दहा दिवसांत मोडलं. आठवड्यातून दोनदा हे बरोबर बसतं. मधले दिवस मोकळे राहतात म्हणून बुधवारची वाट बघितली जाते. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर जातो, कारण एप्रिल-मेमध्ये जळगावातल्या स्लॅबखाली रात्री दहालासुद्धा जीव लागत नाही.

किती वेळ ऐकायचं? वीस मिनिटं, फार तर पंचवीस. हा आकडा मी जुन्या तबकड्यांवरून घेतला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. मोठी, ३३ फेऱ्यांची एलपी आली तेव्हा एक बाजू वीस-बावीस मिनिटांची झाली. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची. बाजू संपली की कुणीतरी उठायचं, तबकडी उलटायची, सुई अलगद टेकवायची. ते उठणंही ऐकण्याचाच भाग होता, तिथं मन ठरवायचं, अजून ऐकायचं की बास. मोबाइलमधल्या गाण्यांना बाजूच नसते. म्हणून शेवट आपणच घालून द्यायचा. ॲपमधलं 'ऑटोप्ले' बंद करा, 'शफल' बंद करा, आणि ठरलेलं संपलं की संपलं.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांना वेळेचं गणित तयारच मिळतं. सकाळी भैरव, तोडी. दुपारी सारंगाचे प्रकार. संध्याकाळी मारवा, पूरिया, मग यमन. रात्री बागेश्री, मालकंस. हे नियम खरंच इतके काटेकोर आहेत का, यावर जाणकार वाद घालतात. मी एवढंच म्हणेन की वैशाखात दुपारी दोनला, खिडकीला ओला पडदा लावून, वृंदावनी सारंग एकदा ऐकून बघा. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्या रागातली मोकळी जागा आणि बाहेरचा ओसाड रस्ता एकमेकांना ओळखतात असं वाटतं.

जागा आणि यंत्र

इथं फार गुंतू नका. पण चार गोष्टी केल्या तर त्याच स्पीकरचा आवाज दुप्पट बरा होतो.

स्पीकर जमिनीवर किंवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नका. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि गळा त्याखाली दबतो. बसल्यावर आपले कान जितक्या उंचीवर येतात तितक्या उंचीवर, भिंतीपासून हातभर पुढं, लाकडी पाटावर किंवा स्टुलावर ठेवा. दोन स्पीकर असतील तर ते दोन आणि तुम्ही मिळून सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हायला हवा. घर पत्र्याचं असेल तर आवाज खणखणतो. समोरच्या भिंतीला एक गोधडी टांगा, फरक लगेच कळेल. गावाकडच्या धाब्याच्या घरात मातीच्या भिंती हे काम आपसूक करतात. माझ्या वडिलांचा, आबांचा, खरखरता रेडिओ तिथं इतका गोड का लागायचा, हे मला फार उशिरा कळलं.

पंखा बंद करा, निदान वीस मिनिटं. मोबाइल 'एअरप्लेन मोड'वर टाका. गाणी आधी उतरवून ठेवा, नाहीतर आलापाच्या मध्यात जाहिरात घुसते आणि सगळी बैठक मोडते. घरात जुना, सिमकार्ड नसलेला मोबाइल पडला असेल तर तो फक्त गाण्यांसाठी ठेवा. आमचा तसला एक आहे, काच तडकलेला. तो कपाटातून बाहेर निघाला की पोरं न सांगता येऊन बसतात.

नुसतं बसणं नव्हे, झेलणं

आता मुख्य काम. गाणं लावलं, डोळे मिटले, झालं, असं नाही. नुसते डोळे मिटले की मन बाजाराच्या यादीकडं जातं. कानाला पकडायला काहीतरी द्यावं लागतं.

सुरुवातीला अर्धा मिनिट काहीही न लावता बसा. या अर्ध्या मिनिटात घरातले आवाज कळतात, फ्रिजची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी, लांब रेल्वेचा भोंगा. कान त्यावरून हात फिरवून घेतो आणि मगच गाण्याला तयार होतो.

मग एकच गाणं तीनदा ऐका. एका बैठकीत नको, तीन बैठकांत. पहिल्यांदा काही शोधू नका. दुसऱ्यांदा एकच धागा धरा. गळा सोडून द्या आणि फक्त ठेक्याच्या मागं जा. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे आठ मोजांचा, केरवाही आठचा, दादरा सहाचा. बोटांच्या पेरांवर मोजत राहा, दोन-तीन आवर्तनांत पहिली मात्रा, म्हणजे सम, कुठं पडते ते सापडतं. तीनताल असेल तर सोळा मोजायच्या. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर हात उताणा, तिला 'खाली' म्हणतात. गाणारा लांब फिरून समेवर कसा येतो, ते मोजणाऱ्याला कळतं. तो यायच्या आधी एक क्षण आपला श्वास थांबतो.

हा थांबलेला श्वास म्हणजे नुसती कल्पना नव्हे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाण्यानं अंगावर काटा येतो ते गाणं ऐकताना मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतं, आणि ते फक्त काटा येतो त्या क्षणी नाही, तर त्याच्या आधी, वाट बघतानाही स्रवतं, असं त्यांना दिसलं. मेंदूतल्या दोन वेगवेगळ्या जागा त्यात काम करतात, एक वाट बघण्याची, एक मिळण्याची. कानबाईच्या रात्री ओळ आपल्याकडं येईपर्यंत झेलणाऱ्या बायका पुढं झुकलेल्या असत. त्यांची ती पोझ मला या अभ्यासाबद्दल वाचताना आठवली.

तिसऱ्यांदा शब्द ऐका. एक शब्द कुठं दोनदा म्हटलाय, कुठं अर्धा सोडलाय, कुठं श्वास घेतलाय. श्वास कुठं घेतला हे फार बोलकं असतं. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या कागदावर वाचताना त्यांतला अर्थ कळतो, पण त्या मुळात कागदासाठी नव्हत्याच. आसोद्याची ही लेक १८८० साली जन्मली, लिहा-वाचायला शिकली नाही, शेतात आणि जात्यावर काम करता करता रचत गेली. मुलानं, सोपानदेवांनी, आणि एका नातलगानं ते टिपून ठेवलं म्हणून १९५२ साली, त्या गेल्यावर, पुस्तक निघालं. त्यातली कोणतीही ओवी मोठ्यानं, हातानं काहीतरी दळल्यासारखं करत म्हणून बघा. ओळ जिथं मोडते तिथंच जात्याचा फेरा पूर्ण होतो आणि श्वास घ्यायला जागा मिळते.

अंगानंही ऐकता येतं, हे विसरू नका. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला माणसं कमरेला भोपळे आणि पायात घुंगरू बांधून रात्रभर नाचतात, मोठमोठ्या ढोलांवर. तिथं ढोल आधी पोटात वाजतो, कानापर्यंत मागाहून येतो. घरी पायानं ठेका धरायला, डोलायला संकोच करू नका. पोरं हसतील, मग तीही डोलतील.

जुन्या शास्त्रकारांनी या सगळ्यासाठी एक सुंदर शब्द ठेवलाय, सहृदय, म्हणजे मनानं झेलणारा. नाट्यशास्त्रात भरतानं आठ रस सांगितले, पुढं काश्मीरच्या अभिनवगुप्तानं शांतरस नववा म्हणून मांडला. या परंपरेचं म्हणणं असं की रस गाणाऱ्याकडं नुसता तयार होऊन येत नाही, समोर सहृदय असेल तरच तो उभा राहतो. आमच्या गल्लीतल्या बायका या शब्दाला झेलकरीण म्हणाल्या असत्या.

जळगावात दर जानेवारीला होणाऱ्या बालगंधर्व संगीत महोत्सवासारख्या मैफलीला कधी गेलात तर घरचा हा सराव फार उपयोगी पडतो. दाद कुठं द्यायची हे सांगावं लागत नाही, मोजणाऱ्याचा हात समेवर आपोआप उठतो.

दुसऱ्याला गाणं देणं

इथवर एकट्यानं ऐकणं झालं. ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले ते पुढं आहे. काही गोष्टी आपल्या घरांत बोलल्या जात नाहीत. बाप मुलाला 'माझं चुकलं' म्हणत नाही. सासू सुनेला 'तू आलीस म्हणून घर उभं राहिलं' म्हणत नाही. तेवढं बोलायला आपल्याकडं गाणी होती. आखाजीच्या झोक्यावर पोर भावाची वाट बघण्याचं गाणं म्हणायची आणि ओसरीवर बसलेल्या आईला तिच्या सासरचं सगळं कळायचं. कुणी काही विचारत नसे.

आमचे आबा कापसाचे शेतकरी, अमळनेर-पारोळ्याच्या मधल्या पट्ट्यात. त्यांचा एक रेडिओ होता, चामडी कव्हरचा. संध्याकाळी खळ्यावरून आले की जळगाव आकाशवाणी लागायची. आधी शेतीचा कार्यक्रम, मग जे लागेल ते. आबा मार्गशीर्षात गेले. मायनं त्या रेडिओवर त्यांचा टॉवेल घातला आणि तो कोनाड्यात सरकवला. सुतकात घरात गाणं-बजावणं नसतंच, पण तेरावं झालं, संक्रांत गेली, होळी गेली, टॉवेल तसाच. माय बोलतच नव्हती. कामापुरतं हो-नाही, बस.

आखाजी आली. आपल्याकडं आखाजीला पितरांची घागर भरतात, आणि घरातलं माणूस नुकतंच गेलेलं असलं की ती घागर फार जड होते. घागर पुजून झाली, पानं वाढून झाली. दुपारी माय म्हणाली, "रेडू लाय आज."

टॉवेल काढला तर आतले सेल फुटलेले. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड बसली होती. मी पॉलिश पेपरच्या तुकड्यानं एकेक स्प्रिंग घासली, भावानं दुकान उघडायला लावून नवे सेल आणले. बटण फिरवल्यावर आधी नुसती खरखर, मग एक गाणं. कुठलंही खास नव्हतं. सिनेमातलं होतं, मायला ते माहीतही नव्हतं. तिनं हात रेडिओवर ठेवला होता, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा. मला राहवेना, मी म्हणाले, "माय, बरं वाटतंय का?" तिनं माझ्याकडं न बघता म्हटलं, "गानं सरू दे, मंग बोल."

गाणं सरलं. रेडिओवर पुढचं काही सुरू होण्याआधी तिनं बटण बंद केलं आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा आबांच्या शेवटच्या रात्रीबद्दल बोलली. दवाखान्यात कुणीच काही धड सांगत नव्हतं, ते पाणी मागत होते आणि पाणी द्यायचं नाही असं बजावलं होतं. तिनं दिलं नाही. ते तिच्या आत अडकलं होतं. त्या परक्या गाण्यानं तिला तिथपर्यंत नेलं.

मायचं ते वाक्य आमच्या घरातला नियम झालं. गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही, 'किती छान' असंही नाही. गाणं संपल्यावरही लगेच नाही. पहिलं कोण बोलेल ते बोलेल. कुणीच बोललं नाही तरी चालतं.

गाणं देण्याची पद्धत आता सांगते. 'फॉरवर्ड' करणं म्हणजे देणं नव्हे. दिवसाला वीस व्हिडिओ येतात, त्यात तुमचं गाणं एकविसावं होतं. ज्याला द्यायचं त्याला आधी विचारा, "आज रात्री दहा मिनिटं मिळतील का?" मग पाठवा. सोबत तुमचं एक वाक्य लिहा, गाण्याबद्दल नव्हे, तुमच्याबद्दल: हे मला कधी भेटलं, कुणाची आठवण आली. आणि जागा दाखवा. "दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर ती थांबते ना, तिथं ऐक." जागा दाखवली की ऐकणारा वाट बघतो, आणि वाट बघितली की झेलतो. जवळचं माणूस लांब असेल तर दोघांनी एकाच वेळी लावा, फोन चालू ठेवून, न बोलता. बहीण सुरतेला असते, आमच्या निम्म्या गावासारखी. आम्ही दोघी असं करतो.

नंतर "आवडलं का?" हे विचारू नका. त्यावर 'हो'शिवाय उत्तर नसतं. "कुठं थांबलीस?" असं विचारा.

आणि हे एकतर्फी ठेवू नका, ही माझी हात जोडून विनंती. मोठ्यांनी जुनी गाणी पोरांच्या कानात ओतायची आणि पोरांच्या गाण्यांना 'काय धिंगाणा' म्हणायचं, यानं दोन्ही दारं बंद होतात. आमच्याकडं बुधवार माझा, रविवार मुलाचा. त्याचं आवडतं म्हणजे लग्नाच्या वरातीत वाजतात ती अहिराणी गाणी, डीजेवाली. पहिले दोन-तीन रविवार मला जड गेले. मग मी तोच नियम लावला, तीनदा ऐकायचं, दुसऱ्यांदा फक्त ठेका. तेव्हा कळलं की मधे एका ठिकाणी सगळी यंत्रं थांबतात आणि नुसती टिमकीसारखी थाप राहते, आणि तीच थाप माझ्या लहानपणीच्या वरातीतली आहे. बारावीच्या चाचणीत मार्क गेले त्या आठवड्यात त्यानं एक गाणं लावलं, आणि ते नेहमीचं नव्हतं, संथ होतं. संपल्यावर मी विचारलं, "ते सगळं थांबतं तिथं काय आहे?" तो अर्धा तास बोलला. मार्कांबद्दलही बोलला, मी न विचारता.

रडू आलं, झोप लागली

कुणाला रडू आलं तर गाणं बंद करू नका, आणि 'काय झालं' म्हणून हात धरू नका. पाण्याचा तांब्या जवळ सरकवा, बस. मात्र एखादं गाणं जखमेवरच बोट ठेवतंय असं त्या माणसानं म्हटलं तर लगेच थांबवा आणि त्या गाण्याला वर्षभर सुट्टी द्या. सुतक असलेल्या घरात स्वतःहून गाणं लावू नका. त्या घरातलं माणूस 'लाव' म्हणेल, त्याची वाट बघा.

झोप लागली तर लागू द्या. आमचे सासरे दर बुधवारी पाचव्या मिनिटाला झोपतात आणि दुसऱ्या दिवशी 'काल छान होतं' म्हणतात. ते खरंच म्हणतात.

आवाजाबद्दल थोडं

मोठा आवाज म्हणजे मोठी भावना नव्हे. कानाचं गणित कडक आहे: ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. वरातीतल्या डीजेच्या भिंतीशेजारी आवाज याच्याही वर जातो, तिथं लहान मुलं खांद्यावर घेऊन उभे राहू नका. हेडफोन लावल्यावर शेजारच्या माणसाचं साधं बोलणं ऐकू येत नसेल तर आवाज कमी करा. रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर लाउडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, सणाच्या ठरावीक दिवसांची सवलत सोडून. हिवाळ्यात शेतात भरिताच्या पार्ट्या होतात तेव्हाही हे लक्षात असू द्या. बांधापलीकडं कुणाचं घर असतं.

मायचं गाणं टिपून ठेवताना

प्रत्येक घरात एक बाई असते जिला साठ-सत्तर गाणी येतात आणि जी म्हणते, "माले काही येत नही." तिच्याकडून गाणी टिपणं हा ऐकण्याचाच सगळ्यात मोठा सोहळा आहे, आणि त्याला घाई करा. बहिणाबाईंचं टिपून ठेवणारं घरात कुणी होतं म्हणून ते आपल्याला मिळालं.

समोर मोबाइल धरून 'म्हण' म्हटलं की ती गप्प होते. गाणी डोक्यात नसतात, हातात असतात. म्हणून हातांना काम द्या. वाती वळायला कापूस द्या, डाळ निवडायला ताट द्या, शक्य असेल तर जात्याचा खुंटाच धरू द्या. मी मायसमोर सुपात गहू ठेवले, मोबाइल सुपाच्या पलीकडं, तिच्या तोंडापासून दीड-दोन फुटांवर, दुमडलेल्या टॉवेलवर उपडा न ठेवता, माइकचं भोक तिच्याकडं करून. टॉवेल अशासाठी की फरशीचा हादरा माइकला लागत नाही. पंखा बंद, खिडकी लावलेली. त्याआधी तिला विचारलं होतं, हे कुणाकुणाला ऐकवू? ती म्हणाली होती, घरातल्यांना. त्यामुळं ती गाणी मी कुठंही टाकलेली नाहीत, टाकणार नाही. ही परवानगी आधी घ्या आणि तंतोतंत पाळा.

सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव, गाणारीचं नाव, कोणत्या सणाचं गाणं, एवढं बोला. रेकॉर्डिंग ॲपमध्ये सगळ्यात वरची गुणवत्ता निवडा. 'वेव्ह' फाइल मिळत असेल तर तीच घ्या, जागा खाते पण आवाज खरा राहतो. मधे ती चुकली, खोकली, सून चहा विचारायला आली, काही कापू नका. गाणं अडलं तर तुम्ही पुढची ओळ सांगू नका. हुं म्हणा आणि थांबा. ती मागं जाईल, पुन्हा पहिल्यापासून घेईल आणि बहुतेक वेळा ओळ आपोआप येईल. दोन प्रती करा, एक स्वतःकडं, एक दुसऱ्या घरात. फाइलला नाव द्या: सण, गाणं, साल.

माय एका आखाजीच्या गाण्यात अडली. पाच ओळी छान आल्या, सहावी येईना. चारदा मागं गेली. शेवटी गव्हातला खडा बोटानं बाजूला काढत म्हणाली, "तुन्ही बहीणले येत व्हई." फाइल तिथंच संपते, सुपात गहू सरकल्याच्या आवाजावर.

ती मी बहिणीला पाठवली. वेळ ठरवून, रविवारी साडेनऊला, आणि लिहिलं, "तीन मिनिटं दहा सेकंदांवर ऐक." त्या रात्री तिचा फोन आला नाही. सोमवारी सकाळी तिची फाइल आली, चाळीस सेकंदांची. मागं सुरतेतल्या साड्यांच्या मागांची खटखट आहे, तिची मुलगी काहीतरी विचारतेय, आणि त्यावरून तिचा आवाज: सहावी ओळ, सातवी, आठवी.